फॉल कलर्स बघायला नॅशनल पार्कात: तारखेआधी उंची ठरवा

गणपतीचं विसर्जन आटोपलं की अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एकच प्रश्न येतो: "फॉल कलर्स बघायला कुठे जावं? पीक कधी आहे?" पीक म्हणजे पानगळीआधी झाडांचा रंग ऐन भरात असतो तो काळ. मग कुणी गेल्या वर्षीचे फोटो टाकतं, कुणी कुठल्याशा नकाशाची लिंक पाठवतं, आणि शेवटी सगळे कोलंबस डेच्या (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) लाँग विकेंडला एकाच रस्त्यावर एकामागे एक अडकतात. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निकाल जाहीर होतो: "यंदा काही मजा नव्हती."

मजा बहुतेक वेळा असते, पण दोन-तीन हजार फूट वर किंवा खाली. रंग डोंगराच्या माथ्यावर आधी येतो आणि रोज थोडा थोडा खाली उतरतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी पार्क निवडताना तारखेच्या आधी उंचीचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. पार्कात चढ-उतार भरपूर असेल तर तुम्ही आठवडाभर आधी पोचा की नंतर, कुठल्या तरी उतारावर रंग सापडतोच. पार्क समुद्राला लागून असेल तर मात्र तारीख साधावी लागते. या लेखात तीन पार्कं घेतली आहेत: व्हर्जिनियातलं शेनंडोआ, मेनमधलं अकॅडिया आणि टेनेसी-नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरचं ग्रेट स्मोकी माउंटन्स. शेनंडोआवर जास्त लिहिलंय, कारण न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनियातल्या माणसाला ते दोन दिवसांत नीट जमतं.

पान लाल का होतं, एवढं समजून घ्या

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात.

उन्हाळ्यात पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं आणि आधीचं मोडून त्यातली पोषणद्रव्यं खोडाकडे ओढून घेतं. पानात आधीपासूनच असलेली पिवळी-नारिंगी द्रव्यं मग उघडी पडतात. म्हणून पिवळा रंग जवळजवळ दरवर्षी हमखास मिळतो. बर्च, हिकरी, ट्युलिप पॉप्लर ही झाडं सहसा निराश करत नाहीत.

लाल रंगाचं तसं नाही. तो पानात आधीपासून नसतो, फॉलमध्ये नव्याने तयार होतो. त्यासाठी पानात साखर लागते आणि ऊन लागतं. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारवा पण हिम नाही, असे आठ-दहा दिवस लागोपाठ मिळाले की मेपल पेटतात. त्याच काळात ढगाळ आणि उबदार हवा राहिली तर लाल फिका पडतो. उन्हाळ्यात पाऊस फारच कमी झाला तर पानं रंग धरायच्या आतच वाळून गळतात. आणि सगळं जुळून आलं असताना एक वादळी रात्र आली, तर सकाळी रंग जमिनीवर.

पार्कात गेल्यावर एखादं लाल मेपलचं पान जवळून बघा. वर दुसऱ्या पानाची सावली पडत असेल तर तेवढाच भाग पिवळा राहिलेला दिसतो, कधी कधी वरच्या पानाच्या कडेची रेघही ओळखू येते. झाडाची उन्हाकडची बाजू लाल आणि आतल्या फांद्या पिवळ्या, हेही त्याचमुळे. मुलांना हे दाखवलं की पुढचा तासभर ती अशीच पानं शोधत बसतात.

आपल्याकडे साग फेब्रुवारी-मार्चमध्ये बोडका होतो तो पाणी वाचवायला. इथल्या झाडांना दिवसाची लांबी इशारा देते, आणि ती दरवर्षी सारखीच असते. त्यामुळे हंगामाचा पंधरवडा फारसा हलत नाही. हलतो तो रंगाचा दर्जा आणि मुक्काम. "यंदा फॉल महिनाभर लवकर आहे" अशा बातम्यांना घाबरून बुकिंग रद्द करू नका.

कुठलं पार्क कुणासाठी

शेनंडोआ: वॉशिंग्टनपासून सुमारे ७५ मैल. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालात तर ट्रॅफिक धरून साडेचार-पाच तास. लहान मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील आणि फार चालायचं नसेल तर हे घ्या. सगळा रंग गाडीतून आणि रस्त्याच्या कडेच्या ओव्हरलुकवरून (गाडी थांबवून दरी बघायच्या जागांवरून) दिसतो. इथे ओक आणि हिकरी जास्त, त्यामुळे सोनेरी, तांबूस, विटकरी छटा मिळतात. लालभडक मेपलचं जंगल डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. साधारणपणे ऑक्टोबरचे मधले दोन आठवडे धरावेत.

अकॅडिया: लाल हवा असेल तर इथे. खाली समुद्र, वर ग्रॅनाइट, मध्ये रंग. पण न्यू जर्सीपासून सुमारे ५०० मैल आहे, तेव्हा किमान तीन रात्री हव्यात. सर्वांत उंच डोंगर कॅडिलॅक, तोही १,५३० फुटांचा. म्हणजे तारीख चुकली तर वर-खाली करून भरपाई होत नाही. ऑक्टोबरचा मध्य हा इथला भरवशाचा काळ.

स्मोकी: उंचीचा खेळ इथे सर्वांत मोठा. तळ हजार फुटांच्या आसपास आणि कुवोही शिखर ६,६४३ फूट. (जुन्या नकाशांवर ते क्लिंगमन्स डोम म्हणून दिसेल. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ चेरोकी नाव परत दिलं गेलं.) वरचा रंग सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि पायथ्याशी नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. अटलांटा किंवा शार्लटच्या मंडळींना हेच सोयीचं. सुट्टीची तारीख ऑफिस ठरवत असेल, तर डोळे मिटून स्मोकी घ्या.

न्यू हॅम्पशायरचा कँकामॅगस रस्ता राहिला, असं कुणी म्हणेल. रस्ता सुंदरच आहे, पण तो नॅशनल फॉरेस्टमध्ये येतो, नॅशनल पार्कमध्ये नाही. तिथले पास आणि नियम वेगळे. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

बुकिंग: कशाला घाई, कशाला नाही

राहण्याची सोय सगळ्यात आधी. शेनंडोआच्या आत स्कायलँड आणि बिग मेडोज अशी दोन मोठी लॉजेस आहेत. ऑक्टोबरच्या विकेंडच्या खोल्या कित्येक महिने आधी जातात. मिळाली तर उत्तमच, कारण पहाटे आणि संध्याकाळी गेटवरची रांग टळते. नाही मिळाली तर लुरे गावात राहा. तिथून थॉर्नटन गॅपचं गेट पंधरा-वीस मिनिटांवर आहे. दक्षिणेकडचा भाग बघायचा असेल तर एल्कटन बघा, तिथलं स्विफ्ट रन गॅप गेट बरंच शांत असतं.

वार निवडायची मुभा असेल तर मंगळवार ते गुरुवार. नसेल तर निदान कोलंबस डेचा विकेंड टाळा. पुढचा विकेंड शेनंडोआत रंगाच्या दृष्टीने तितकाच चांगला, बरेचदा अधिक चांगला असतो.

प्रवेशशुल्क गाडीमागे सात दिवसांसाठी शेनंडोआला ३० डॉलर, अकॅडियाला ३५. स्मोकीला प्रवेशशुल्क नाही, पण मार्च २०२३ पासून १५ मिनिटांहून जास्त गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाचा ५, आठवड्याचा १५, वर्षाचा ४० डॉलर. वर्षभरात तीन-चार पार्कं होणार असतील तर ८० डॉलरचा वार्षिक पास घ्या, मात्र तो स्मोकीच्या टॅगऐवजी चालत नाही. घरात चौथीतलं मूल असेल तर त्याच्या नावाने वर्षभराचा मोफत पास निघतो. शाळा बहुतेक वेळा हे सांगत नाहीत, तेव्हा आपणच लक्षात ठेवायचं.

भारतातून आई-बाबा आले असतील तर पुढचं नीट वाचा. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. शिवाय ठरावीक ११ पार्कांत असा पास नसलेल्या, १६ वर्षं आणि त्यावरील प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्काखेरीज १०० डॉलर पडतात. अकॅडिया त्या ११ मध्ये आहे. शेनंडोआ आणि स्मोकी नाहीत. दोन पाहुणे म्हटले तर २०० डॉलरचा फरक, आणि तो गेटवर कळण्यापेक्षा घरी कळलेला बरा. तुम्ही स्वतः इथे राहता हे दाखवायला ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. निघण्याच्या आठवड्यात पार्कच्या अधिकृत पानावर चालू नियम एकदा बघून घ्या.

निघण्याआधीचे दहा दिवस

अंदाजाचे रंगीत नकाशे सप्टेंबरात फिरू लागतात. ते सरासरीवरून बनवलेले असतात. एखाद्या डोंगराबद्दल त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी बघा.

एक, पार्क किंवा राज्याचं वनखातं हंगामात देतं तो साप्ताहिक रंग-अहवाल. तो प्रत्यक्ष तिथे असलेल्या माणसांनी लिहिलेला असतो. दोन, पार्कचे वेबकॅम. शेनंडोआ आणि स्मोकी दोन्हीकडे आहेत. रोज साधारण एकाच वेळी चित्र बघितलं तर बदल कळतो. सकाळचं एक आणि दुपारचं एक बघून तुलना केली तर फक्त उजेडातला फरक दिसेल. तीन, वाऱ्याचा अंदाज. लोक पाऊस बघतात, पण पानं पाडतो तो वारा. नुसत्या रिमझिमीने काही बिघडत नाही, उलट ओली खोडं काळी पडतात आणि पिवळा रंग उठून दिसतो.

अहवालात "पीक होऊन गेलं" असं वाचलं तर ते कुठल्या उंचीबद्दल आहे ते शोधा. शेनंडोआत ३,५०० फुटांवर झाडं उघडी झाली असतील तेव्हा गेटजवळच्या खालच्या टप्प्यांत रंग भरात असतो.

शेनंडोआ: एक पूर्ण दिवस

पार्कच्या कण्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा एकच रस्ता जातो, १०५ मैलांचा. उत्तरेला फ्रंट रॉयलशी शून्याचा दगड, दक्षिणेला रॉकफिश गॅपशी शेवटचा. मध्ये थॉर्नटन गॅप ३१.५ मैलावर आणि स्विफ्ट रन गॅप ६५.५ वर. इथे सगळे पत्ते मैलाच्या दगडावरून सांगतात, म्हणून नकाशाचं कागदी पान गेटवर मागून घ्या. फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. न थांबता गेलात तरी अख्खा रस्ता तीन तास खातो आणि वाटेत जवळजवळ ७० ओव्हरलुक आहेत. एका दिवसात सगळा रस्ता करायचा हट्ट सोडा. थॉर्नटन गॅप ते स्विफ्ट रन गॅप हा ३४ मैलांचा मधला टप्पा घ्या. उंची, झाडं, जेवण, बाथरूम, सगळं यात येतं.

गेटवर सकाळी आठच्या आत पोचा. दहानंतर थॉर्नटन गॅपची रांग हायवेपर्यंत येते. गॅसची टाकी लुरेलाच भरून घ्या.

उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलात तर पश्चिमेकडचे, म्हणजे शेनंडोआ व्हॅलीकडे उघडणारे ओव्हरलुक तुमच्या उजव्या हाताला येतात. डावीकडे वळण्यासाठी समोरची वाहतूक थांबायची वाट बघावी लागत नाही. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे पश्चिमेचे उतार सरळ उजेडात दिसतात. दुपारनंतर परतताना पूर्वेकडचे घ्या, ते तेव्हा उजव्या हाताला येतात आणि ऊनही तिकडेच पडलेलं असतं. एवढं एक गणित पाळलं तरी दिवस सोपा होतो.

गेटमधून दक्षिणेला निघालात की लगेच ३२व्या मैलावर मेरीज रॉक बोगदा लागतो. पुढे ३८.६ वर स्टोनी मॅन ओव्हरलुक. तिथे पहिला चहा. थर्मास घरून आणलेला असू द्या, कारण सकाळच्या गारठ्यात त्यासारखं दुसरं काही नाही. मग ४१.७ वर स्कायलँडला गाडी लावा आणि स्टोनी मॅनचा ट्रेल करा: जाऊन-येऊन साधारण १.६ मैल, चढ साडेतीनशे फुटांच्या आत, शेवटी ४,०११ फुटांवरचा कडा. पाचवीतलं पोरगं आणि सत्तरीतली धडधाकट आजी दोघांनाही जमण्यासारखा. कड्याला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. वरून खालचे उतार बघताना रंगाचे पट्टे नीट लक्षात येतात: माथ्याजवळ करडं, मध्ये तांबूस, खाली अजून पिवळा-हिरवा. तुमचा पट्टा कुठे आहे हे इथे कळतं. मध्यभाग भरात असेल तर स्कायलँड ते बिग मेडोज या भागात जास्त वेळ घालवा. वर सगळं गळून गेलं असेल तर पुढचा बेत बदलून स्विफ्ट रन गॅपकडे खाली उतरा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी ४३व्या मैलावरचा लिंबरलॉस्ट ट्रेल आहे. १.३ मैलांची गोल वाट, जवळजवळ सपाट, बारीक खडी दाबून बसवलेली, मधून मधून बाक. व्हीलचेअरही जाते. आई-बाबांना इथे सोडून तरुण मंडळींनी हॉक्सबिल गाठलं तरी चालतं. ते पार्कातलं सर्वोच्च शिखर, ४,०५१ फूट.

पुढे ४४.४ वर क्रेसंट रॉक. ते चुकवू नका. ५१व्या मैलावर बिग मेडोज, तिथे उपाहारगृह आहे, गॅस आहे, आणि बाथरूमची रांगही आहे. ब्लॅकबेरी आइस्क्रीम पाय इथली खासियत. चारशे माणसांच्या मागे उभं राहून सँडविच घेण्यापेक्षा डबा बाहेर पिकनिक टेबलावर उघडा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, जे काही गार खाल्लं तरी चांगलं लागतं ते. फक्त उरलंसुरलं टेबलावर ठेवू नका. इथे काळी अस्वलं आहेत आणि हिवाळ्यापूर्वी ती दिवसभर खात फिरतात. खाणं गाडीत, काचा बंद. लोणच्याची बरणीसुद्धा.

रस्त्यापलीकडचं गवताळ मैदानही बघा. इथे झाडांवर नाही तर जमिनीलगत रंग असतो: ब्लूबेरीची झुडपं गडद लाल होतात. लोक आकाशाकडे कॅमेरे रोखून उभे असतात आणि पायाजवळचा सगळ्यात लाल रंग तुडवत जातात.

५०.७ वरचा डार्क हॉलो धबधबा प्रसिद्ध आहे, वाट जाऊन-येऊन फक्त १.४ मैल. पण येताना चढ दमवतो आणि ऑक्टोबरात पार्किंग मिळत नाही. माझ्या मते त्या वेळात ५५.५ वरचं द पॉइंट गाठावं. सूर्यास्त ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहाच्या सुमारास होतो. तो पश्चिमेकडच्या कुठल्याही ओव्हरलुकवरून छान दिसतो, ठरावीक जागेसाठी भांडू नका. अंधार पडल्यावर उतरताना वेग ३५च्याही खाली ठेवा. हा हरणांचा माजाचा काळ असतो, ती बेधडक रस्त्यावर येतात.

ओल्ड रॅगचा खडकाळ ट्रेल करायचा असेल तर तो वेगळा दिवस समजा. मार्च ते नोव्हेंबर त्याला आधी ऑनलाइन तिकीट घ्यावं लागतं आणि चढण्याची वाट स्कायलाइन ड्राइव्हवरून नाही, बाहेरच्या बाजूने आहे.

अकॅडिया: आगीने दिलेला रंग

अकॅडिया मुख्यतः माउंट डेझर्ट बेटावर आहे. तिथला रंग बेटाच्या पूर्व बाजूला जास्त का, याला कारण आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये दीर्घ कोरड्या हवेनंतर माउंट डेझर्ट बेटावर मोठी आग लागली. पार्कातलं दहा हजार एकरांहून जास्त जंगल जळलं. तिथली स्प्रूस-फरची सदाहरित झाडं गेली आणि उघड्या, उजेड मिळालेल्या जमिनीवर बर्च, अ‍ॅस्पेन, मेपल उगवले. आज आपण पाचशे मैल गाडी चालवून बघतो तो रंग बराचसा त्या आगीनंतरचा. नकाशावर बार हार्बर गावाच्या दक्षिणेचा पट्टा धरा, त्यातच दोन दिवस काढा.

पहिल्या सकाळी सीअर द मॉन्ट्सला जा आणि जेसप पाथवर चाला. ओल्या जमिनीवरून लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना पांढऱ्या सालीची बर्च. सकाळी लवकर गेलात तर फळ्यांवर दव असतं आणि त्यावर चिकटलेली पिवळी पानं साबणासारखी घसरतात. स्पोर्ट्स शूजचा तळ झिजलेला असेल तर इथे कळेल.

दुसरी गोष्ट कॅरेज रोड्स. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी घोडागाड्यांसाठी बांधून घेतलेले हे ४५ मैलांचे खडीचे रस्ते. मोटारींना बंदी आहे. चढ सौम्य, वाटेत दगडी पूल. सायकल भाड्याने घ्या किंवा ईगल लेकपासून नुसतं तासभर चाला. पार्क लूप रोडवर २७ मैल गाडी हाकण्यापेक्षा यात जास्त दिसतं.

कॅडिलॅकबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत शिखराच्या रस्त्यावर गाडी न्यायला वेगळं आरक्षण लागतं. ३० टक्के जागा ९० दिवस आधी खुल्या होतात, उरलेल्या ७० टक्के दोन दिवस आधी सकाळी १० वाजता, पूर्वेकडच्या वेळेनुसार. गेटवर मिळत नाही. ७ ऑक्टोबर ते ६ मार्च या काळात अमेरिकेत सूर्य सर्वांत आधी इथून दिसतो, म्हणून पहाटेच्या जागांवर उड्या पडतात. पण तुम्ही पानं बघायला आला असाल तर पहाटेच्या आरक्षणामागे झोप घालवू नका. माथा उघडा ग्रॅनाइट आहे, रंग खाली उतारावर आहे, आणि सूर्योदयाला तो उतार अंधारात असतो. दुपारचं आरक्षण घ्या. सूर्योदयच बघायचा असेल तर जरूर जा, पण स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे घालून.

मोफत आयलंड एक्स्प्लोरर बस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच धावते. त्यानंतर जाणार असाल तर पार्किंगची चिंता स्वतः करायची. जॉर्डन पाँडचं पार्किंग सकाळीच भरतं. तिथे जायचं तर आठला किंवा थेट चारनंतर. पण चारनंतर जाताना लक्षात घ्या की ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहाच्या आतच मावळतो.

स्मोकी, थोडक्यात

देशातलं सर्वाधिक गर्दीचं नॅशनल पार्क, आणि ऑक्टोबर हा इथला मोठा हंगाम. केड्स कोव्हचा ११ मैलांचा एकेरी रस्ता ऑक्टोबरच्या विकेंडला कित्येक तास खातो. पुढच्या गाडीला अस्वल दिसलं की सगळेच थांबतात. सूर्योदयाला जाता येत नसेल तर सोडा.

त्याऐवजी गॅटलिनबर्ग ते चेरोकी न्यूफाउंड गॅप रोड घ्या. पायथ्यापासून ५,०४६ फुटांवरच्या खिंडीपर्यंत एकाच चढात हंगामाचे सगळे टप्पे दिसतात, आणि कुठे थांबायचं हे झाडंच सांगतात. खाली सॉवरवुड आणि ब्लॅक गमचे लाल, मध्ये पॉप्लर-हिकरीचे पिवळे. आठवड्याच्या दिवशी सकाळी वर आणि दुपारनंतर खाली, असा क्रम ठेवा. वर पायथ्यापेक्षा १० ते २० अंश फॅरनहाइट थंड असतं. गर्दीपासून लांब राहायचं असेल तर वॉलंड ते चिलहोवी फूटहिल्स पार्कवे. तिथली उंची कमी, म्हणून तो ऑक्टोबरअखेरीला.

फोटो आणि पानं

सूर्याकडे तोंड करून, पानांच्या मागून उजेड येईल असं उभं राहा. पिवळा रंग तेव्हाच पेटलेला दिसतो. दूरच्या डोंगरासाठी उलट, सूर्य पाठीशी. ढगाळ दिवस वाईट नसतो, फक्त आकाश चौकटीबाहेर ठेवायचं. कॅमेऱ्याला पोलरायझर असेल तर लावा, पानांवरची चकाकी जाते आणि खरा रंग येतो. फोनवाल्यांनी रंग वाढवणारे फिल्टर टाळावेत. मेपल आधीच पुरेसा लाल असतो.

पानं गोळा करून घरी न्यायची नाहीत. नॅशनल पार्कातून झाडांची पानं उचलून नेणं नियमात बसत नाही. दसऱ्याला मुलांना शाळेसाठी पानं हवी असतील तर ती आपल्या अंगणातली किंवा रस्त्यावरची.

परतल्यावर

थंडी पडली म्हणजे किडे गेले, असं समजू नका. लाइम आजार पसरवणारी पूर्ण वाढलेली टिक (गोचीड) ऑक्टोबर-नोव्हेंबरातही फिरत असते आणि पडलेला पालापाचोळा, उंच गवत ही तिची जागा. मुलं पानांच्या ढिगात लोळणारच, तेव्हा पँट मोज्यात खोचा. रात्री काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत सगळ्यांची तपासणी करा. आजी-आजोबांचीही, ते स्वतःहून सांगत नाहीत. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, काडी काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जा आणि टिक कधी, कुठे चावली ते सांगा.